वाचकांचे प्रश्न : दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण असावे?

प्रश्न : मी 29 वर्षांची असून ठाण्यात नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी प्रस्तरारोहणाचे प्राथमिक शिबिर केले आणि तिथेच भेटलेल्या मैत्रिणीबरोबर मुंब्रा, कान्हेरी आणि बेलापूर येथील कातळांवर नियमित सराव केला. गेल्या वर्षी तिची बदली झाली आणि माझे चढणे जवळजवळ थांबले. अलीकडे समाजमाध्यमावर ओळख झालेल्या एका गृहस्थांनी डिसेंबरमध्ये वजीर सुळक्यावर येण्याचे निमंत्रण दिले आहे. छायाचित्रांवरून त्यांचा अनुभव दांडगा वाटतो. मी जावे का, आणि भरवशाचा सोबती शोधावा तरी कसा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : या निमंत्रणाला तूर्त नकार द्यावा, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. ते गृहस्थ वाईट असतील असे मी म्हणत नाही, परंतु माहुलीच्या परिसरातील तो उभा सुळका ही माणसाची पारख करण्याची जागा नव्हे. तिथे पायथ्याशी पोहोचतानाच घसाऱ्याची तीव्र चढण लागते, आणि एकदा चढाई सुरू झाली की सोबती बेफिकीर आहे हे कळूनही तुमच्या हाती फारसे काही उरत नाही. शिवाय छायाचित्रात दिसतो तो चढणारा माणूस. तुम्हाला जाणून घ्यायचे आहे ते हे की, दुसरा चढत असताना हा माणूस खाली उभा राहून कसा वागतो.

बिले देणाऱ्याच्या, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणाऱ्याच्या, हातांकडे पाहण्याची सवय मला माझ्या पहिल्या सोबत्याने लावली. आमच्या ओळखीच्या पहिल्या महिन्यात मुंब्र्याच्या कातळावर तो माझ्यासाठी दोर सोडत असे, तेव्हा मी वरून सारखी खाली पाहत असे. त्याचा उजवा हात दोरावरून सरकत असे, पण दोरावरची पकड सोडत नसे. डावा हात मला लागेल तेवढाच दोर पुढे देई. आणि पायांशी दोराचा ढीग गुंत्याविना, मोकळा पडलेला असे. कोणी येऊन त्याच्याशी बोलू लागले, तर तो मान न वळवता उत्तर देई किंवा उत्तरच देत नसे, आणि त्यामुळे काहींना तो तुसडा वाटे. त्याच्या त्या तुसडेपणावर मी पुढे अनेक वर्षे निर्धास्तपणे चढले. याउलट, पुढे एकदा एका अतिशय कुशल आरोहकाबरोबर चढताना मी पहिल्या बोल्टच्या (दोर अडकवण्यासाठी कातळात ठोकलेल्या खिळ्याच्या) वर होते आणि खाली त्याचा एक हात मोबाइलवर होता. मी सावकाश खाली उतरले, हार्नेस (दोर बांधण्याचा कमरेचा पट्टा) सोडला आणि त्यानंतर त्याच्या दोरावर कधी चढले नाही.

म्हणून नव्या माणसाबरोबर पहिल्या काही भेटी कृत्रिम भिंतीवर किंवा परिचित सराव-कातळावर, वरून दोर लावून आणि इतर लोक आजूबाजूला असताना ठेवाव्यात. तुम्ही स्त्री आहात आणि समोरची व्यक्ती अनोळखी पुरुष आहे, हे लक्षात घेता कुठे, कोणाबरोबर आणि किती वाजेपर्यंत जाणार हे घरी सांगून जावे. यात संकोचाचे कारण नाही आणि याला नाक मुरडणारा सोबती आपोआपच बाद होतो. चढण्यापूर्वी तो तुमची गाठ, हार्नेसचे बक्कल आणि कॅराबिनरचे (दोर अडकवण्याच्या कडीचे) लॉक तपासतो का, आणि स्वतःचे तुम्हाला तपासू देतो का, ते पाहावे. ‘इतकी वर्षे चढतोय, मला काय तपासता’ हे वाक्य ऐकू आले तर तिथेच थांबावे. 1989 मध्ये लिन हिल ही जगातील अग्रगण्य अमेरिकन आरोहक दक्षिण फ्रान्समधील एका कड्यावरून खाली कोसळली, कारण हार्नेसमध्ये ओवलेल्या दोराची गाठ पूर्ण बांधायची राहून गेली होती. झाडाच्या फांद्यांमुळे ती वाचली आणि 1993 मध्ये तिने योसेमिटीतील एल कॅपिटन कड्यावरच्या ‘नोज’ या मार्गाची पहिली मुक्त चढाई, म्हणजे दोर केवळ सुरक्षेसाठी ठेवून हातापायांच्या बळावर केलेली चढाई, केली. चूक नवख्याचीच होते, हा समज त्या एका गाठीपुढे टिकत नाही.

दोराविषयीही मोकळेपणाने विचारावे : तो किती जुना आहे, त्यावर कधी मोठा झटका आला आहे का, आणि तो डायनॅमिक (ताणला जाणारा) आहे की रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याचा, स्टॅटिक. स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही, त्यामुळे लीड करताना, म्हणजे दोर वर नेत पुढे चढताना, पडल्यास सगळा झटका शरीरावर आणि बोल्टवर येतो. हा फरक ज्याला सांगता येत नाही, त्याच्या मागे सुळक्यावर जाऊ नये. मात्र ‘मला नक्की माहीत नाही, विचारून सांगतो’ असे उत्तर मिळाले तर तो माणूस मी जवळचा मानेन.

आता सोबती मिळवावा कुठे, हा प्रश्न उरतो. पैसे भरून रॅपलिंगला नेणाऱ्या सहलींमध्ये तो सहसा मिळत नाही, कारण तिथे दोर लावणारा एक आणि उतरणारे चाळीस असतात. आपल्याकडे मुंबईत 1954 पासून गिरिविहार, पुण्यात 1982 पासून गिरिप्रेमी अशा संस्था आहेत आणि ठाणे-डोंबिवलीकडेही स्थानिक गट आहेत. अशा गटात सभासद म्हणून जावे, दोर वाहावा, भिजलेला दोर सावलीत वाळत घालावा, इतरांना तासन्‌तास बिले द्यावा. तुम्ही बिले कसा देता हे पाहूनच लोक तुम्हाला बोलावू लागतात.

प्रश्न : माझे वजन 56 किलो आणि सोबत्याचे 84 किलो आहे. आमचे उत्तम जमते, पण तो लीड करताना पडला की मी उचलली जाते. जोडी मोडावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जोडी मोडू नका, व्यवस्था बदला. तुम्ही भिंतीपासून लांब उभ्या राहत असाल तर पडणाऱ्याच्या झटक्याने आधी पुढे ओढल्या जाता आणि मग कातळावर आपटता, म्हणून पहिल्या बोल्टच्या जवळ, किंचित बाजूला उभे राहावे. जमिनीलगत भक्कम अँकर घेऊन स्वतःला त्याला बांधावे; पण अँकर, तुम्ही आणि दोर एका रेषेत असावेत, अन्यथा झटक्यासरशी तुम्ही बाजूला फेकल्या जाल. झटक्याने आपोआप आवळणारे बिले साधन वापरावे, तरीही ब्रेकचा हात सोडू नये. हेल्मेट तुम्हीही घालावे, कारण आपल्या बेसॉल्टमधून सुटणारा दगड बहुधा खाली उभ्या असलेल्यालाच लागतो. आणि पहिल्या दोन बोल्टमध्ये दोर अडकवून होईपर्यंत त्याने अवघड हालचाल टाळावी, हे त्याला जमिनीवर असतानाच सांगून ठेवावे.