मुलाला संघात जागा मिळावी म्हणून संघच विकत घ्यायचा?

दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार लिहितात: मुलगा नाशिकला बारावी सायन्सला आहे. उंची सहा फूट तीन इंच, बास्केटबॉलमध्ये राज्य शालेय स्पर्धेपर्यंत खेळलाय. आम्ही पाच मित्र एका नव्या खासगी लीगमध्ये संघ घेतोय. माझा वाटा बारा लाख, बदल्यात मुलाची संघातली जागा पक्की. बुडाले तर बारा लाखच बुडतील. त्याने सीईटीचा नाद सोडावा का?

नमस्कार.

तुमच्या लांबलचक पत्रात मुलाबद्दल तो काय म्हणतो हे सांगणारं एकच वाक्य आहे: ‘त्याची तयारी आहेच.’ मला काळजी वाटली ती या वाक्याची. वडील बारा लाख काढायला निघालेत म्हटल्यावर कुठला सतरा वर्षांचा मुलगा ‘नको’ म्हणेल? त्या संघात त्याचं काय होईल, याचा विचार करा. प्रशिक्षकाला त्याला बाकावर बसवायची चोरी. सोबतचे खेळाडू त्याला पास देतील, पण मागे ‘मालकाचा पोरगा’ म्हणतील. चांगला खेळला तरी जागा स्वतःच्या जोरावर मिळाली की बापाच्या, हे त्याचं त्यालाच कळणार नाही. राज्य स्पर्धेपर्यंत तो तुमच्या पैशाने पोचलेला नाही. ती त्याची कमाई आहे आणि या व्यवहाराने तुम्ही तीच काढून घेताय. हे कडक वाटेल, पण मला ते असंच दिसतं.

‘बारा लाखच बुडतील’ हा तुमचा मोठा गैरसमज आहे. संघाचा मालक होणं म्हणजे दहा-बारा खेळाडूंच्या मानधनाची जबाबदारी डोक्यावर घेणं. तुमची भागीदारी संस्था असेल, तर 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतः जबाबदार असतो. चौघांनी हात वर केले तर वसुली तुमच्या बागेपर्यंत येऊ शकते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढलीत आणि बँकेला वैयक्तिक हमी दिली नाहीत, तर तुमचं नुकसान गुंतवणुकीपुरतं राहील. पण मग थकलेल्या मानधनासाठी खेळाडूंनी कुणाचं दार वाजवायचं? कंपनीच्या खात्यात काही नसेल तर त्यांच्या हाती करारपत्राचा कागद तेवढा उरतो.

तुम्ही एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, मालकांची उदाहरणं दिलीत. तिथे 2025-26 पासूनचे अकरा वर्षांचे प्रक्षेपण करार सुमारे 76 अब्ज डॉलरचे आहेत आणि तो पैसा 30 संघांत वाटला जातो. 2010 मध्ये न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्सच्या मालकाला संघ झेपेना, तेव्हा लीगनेच तो विकत घेतला आणि 2012 मध्ये नवा मालक मिळेपर्यंत चालवला. तुमच्या नव्या लीगकडे असा खजिना आहे का? प्रक्षेपणाचा पैसा नसेल तर मानधन, प्रवास, हॉटेल, कोर्टाचं भाडं, फिजिओ, एखाद्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं मालकांच्या खिशातून जातं, तेही दर मोसमाला.

ऑस्ट्रेलियाकडे बघा. ब्रिस्बेन बुलेट्स हा तिथल्या बास्केटबॉल लीगचा 2007 चा विजेता संघ. 2008 मध्ये मालकाचा पाळणाघरांचा धंदा कोसळला आणि संघ लीगमधून गेला. परतायला 2016 उजाडलं. त्याच 2008 मध्ये सिडनी किंग्ज अंतिम फेरी खेळले आणि काही महिन्यांत त्यांचा परवाना रद्द झाला, कारण मालकाची कंपनी गाळात गेली होती आणि खेळाडूंचे पगार थकले होते. दोन्ही संघ मैदानावर उत्तम होते. बुडाला तो मालकांचा दुसरा धंदा. तुमच्या गटात तीन बागायतदार आहेत. ऐन मार्चमध्ये गारपीट झाली तर खेळाडूंना पैसे कशातून देणार?

ऐटीत गाडी घेऊन बांधावर येणारा, माल भरून नेणारा आणि नंतर फोन न उचलणारा व्यापारी तुमच्या तालुक्याला नवा नाही. या व्यवहारात खेळाडू बागायतदाराच्या जागी असतील आणि व्यापाऱ्याच्या जागी तुम्ही. म्हणून मित्रांना इतकंच विचारा: पूर्ण मोसमाच्या मानधनाची बँक गॅरंटी सामने सुरू होण्याआधी द्यायची तयारी आहे का? खेळाडूंचा अपघात आणि दुखापतीचा विमा कोण उतरवणार? लीगला बास्केटबॉल महासंघाची मान्यता आहे, हे लेखी मिळेल का? यातल्या एकालाही टाळाटाळ झाली तर बाहेर पडा. तिन्ही उत्तरं चोख आली तरी मुलगा त्या संघात नको. त्याने दुसऱ्या संघाची निवड चाचणी द्यावी.

बारावी आणि सीईटी त्याने द्यावीच, त्यावर जास्त लिहीत नाही. आपल्याकडे बास्केटबॉलपटूंची घरं बव्हंशी फ्रँचायझीवर चाललेली नाहीत. रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांच्या नोकरीवर ती चालतात, आणि तिथला पगार कुणाच्या बागेवर अवलंबून नसतो. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात गेला, तिथे रोइंग शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत पोचला. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या स्पर्धेचं कुठलं यश धरतात याचे नियम आहेत. मुलाची मूळ प्रमाणपत्रं घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि विचारा. मुलाला सोबत न्या, आणि तिथे बोलू द्या त्यालाच.