भारतीय सणांत आणि चित्रपटांत प्रत्येक रंगाचा अर्थ ठरलेला असतो का?

आपण शिगमोत्सवाच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, पार्श्वभूमीवर लघुपट करत आहात, त्यात एक विधवा आजी आहे, तिला पांढरी साडी द्यावी का असे आपण विचारले आहे, आणि लाल म्हणजे प्रेम, पांढरा म्हणजे शोक, अशा प्रकारची रंगांच्या अर्थांची यादीही आपल्याला हवी आहे. मी फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या उत्सवांत होणाऱ्या मराठी नाटकांची वेशभूषा पुष्कळ वर्षे सांभाळत आले आहे आणि नोव्हेंबरमध्ये पणजीत भरणारा चित्रपट महोत्सव सहसा चुकवत नाही. त्या आधारावर सांगते की अशी यादी करणे सोपे आहे, पण तिच्या भरवशावर दृश्य उभे राहणार नाही. आपल्याकडे रंगाला अर्थ येतो तो कोणी कोणाला लावला, कोणत्या नात्याने लावला आणि कोणी तो पुसायला लावला यावरून.

लाल रंगच घ्या. कुंकवाचा लाल हा सौभाग्याचा, हे कोणीही सांगेल. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच करतात. हळदीला चुना किंवा टाकणखारासारखे क्षारयुक्त द्रव्य लागले की ती लाल होते, म्हणजे आपल्या मंगलकार्यांतले पिवळा आणि लाल हे दोन मुख्य रंग मुळात एकाच कंदाचे आहेत. परंतु याच समाजात, केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला आयुष्यभर जे जाडेभरडे वस्त्र नेसावे लागे, ते आलवणही लालच असे. कपाळावरचा लाल काढून घ्यायचा आणि अंगावर लालच चढवायचा, असा हा व्यवहार होता. पांढऱ्या साडीतली विधवा आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते, याचे बरेचसे कारण हिंदी चित्रपट आहे. आपली आजी कोणत्या घरातली, कोणत्या पिढीतली आणि कोणत्या जातीतली आहे हे ठरवल्याशिवाय तिच्या साडीचा रंग ठरवता येणार नाही.

काळ्या रंगाचेही तसेच आहे. तो अशुभ मानला जातो, तरी संक्रांतीला नव्या सुनेला हौसेने काळी साडी घेतात आणि त्यावर हलव्याचे दागिने घालतात. पंढरपूरच्या विठ्ठलाला वाहतात तो बुक्का काळा असतो, आणि वारकरी तो कपाळाला लावून घेतात. जेजुरीला खंडोबाच्या भंडाऱ्याने पायऱ्या पिवळ्या होतात, जोतिबाच्या डोंगरावर गुलालाने माणसे गुलाबी होतात. या तिन्ही ठिकाणी चूर्णाचा रंग वेगळा असला तरी देवावर उधळलेले आपल्या अंगावर घेणे हा भाव एकच आहे. आमच्याकडे जांबावलीच्या श्री दामोदराचा गुलाल याच जातीचा. हा देव मूळचा मडगावचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडायला सुरुवात केल्यावर त्याला जांबावलीला नेण्यात आले, आणि शिगम्यात मडगावकर आजही मोठ्या संख्येने तिथे गुलाल खेळायला जातात. त्या गुलालाचा अर्थ ‘आनंद’ एवढाच लिहिला, तर गाव सुटलेल्या देवाशी राखलेले नाते त्यातून गळून पडते, आणि मला तरी तेच त्या उत्सवाचे मर्म वाटते.

गोव्यात राहणाऱ्याला हे शेजारच्या घरात डोकावूनही कळते. ख्रिस्ती वधू चर्चमध्ये पांढरा पोशाख घालते. हिंदू डोळ्यांना हा रंग लग्नाला चालणारा नाही. पण त्याच घरात जुन्या रीतीप्रमाणे तिच्यासाठी ‘सादो’ हा लाल पोशाख समारंभाने बेतून शिवला जातो आणि तिच्या हातात हिरव्या, पिवळ्या, लाल छटांच्या बांगड्यांचा चुडा भरला जातो. नवरा वारला की हा चुडा शवपेटीपाशी फोडण्याची जुनी प्रथा होती, आणि त्यानंतर स्त्री काळे कपडे घालत असे. धर्म बदलला, शोकाचा रंग बदलला, तरी बांगडी भरण्याचा आणि फोडण्याचा विधी तसाच राहिला. १९६१च्या गोव्यातली कथा सांगणारा श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) आपण अवश्य पाहावा. लोटली गावच्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या घरात त्याचे चित्रण झाले, आणि घरधन्याच्या मृत्यूपासून सुरू होणाऱ्या त्या कथेत छायालेखक अशोक मेहता यांनी मेणबत्त्यांच्या पिवळसर उजेडात सुतकी काळा रंग ज्या तऱ्हेने टिपला आहे, त्याची बरोबरी करणारे काम मी फार थोडे पाहिले आहे.

आता चित्रपटांविषयी थोडे सविस्तर. प्रभातने ‘सैरंध्री’ (१९३३) रंगीत करण्याचा प्रयत्न केला, त्यासाठी प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या, पण रंग मनासारखे उमटले नाहीत. पुढे १९३७ साली दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने सिनेकलर पद्धतीने ‘किसान कन्या’ काढला, जो भारतात तयार झालेला पहिला रंगीत बोलपट मानतात. आणि त्याच वर्षी प्रभातचा ‘कुंकू’ आला. ‘कुंकू’ संपूर्ण कृष्णधवल आहे. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेल्या नीरेची ती कथा ज्या रंगाभोवती फिरते, तो रंग पडद्यावर एकदाही दिसत नाही. प्रेक्षकाने तो आपल्या घरातून आणला. भारतीय चित्रपटातल्या रंगाचा सर्वांत प्रभावी वापर कोणता असे मला कोणी विचारले, तर मी या रंगहीन चित्रपटाचे नाव घेईन, कारण लावणे, न लावणे आणि पुसणे या कृतींनीच तिथे लाल रंग उभा केला आहे. (आमच्या कोकणी चित्रपटाला रंग मिळायला १९७७ उजाडले, ‘भुयारांतलो मनीस’ हा पहिला रंगीत कोकणी चित्रपट.)

रंग हाताशी आल्यावर चित्रपटाने सणांतून सर्वाधिक उचलली ती होळी. एरवी ज्याला हात लावता येत नाही त्याला हात लावण्याची परवानगी त्या एका दिवशी असते, आणि कथाकाराला तेवढे पुरते. ‘कटी पतंग’मध्ये (१९७१) आशा पारेख यांची नायिका पांढऱ्या साडीत आहे आणि नायक तिला भर होळीत रंग लावतो. प्रेक्षकाला ठाऊक असते की ती विधवा नाहीच. मेलेल्या मैत्रिणीला दिलेल्या शब्दाखातर तिने ते जिणे अंगावर घेतले आहे. पांढरा हा तिच्या दुःखाचा रंग नाही, तिला दिलेल्या जागेचा रंग आहे, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या लोकप्रिय चित्रपटाने दाखवले असेल असे मला वाटत नाही. ‘शोले’मध्ये (१९७५) सारे रामगढ रंगात न्हाऊन निघते, ठाकूरची सून राधा मात्र पांढऱ्या साडीत त्या रंगापासून दूर राहते, आणि रंग वाळायच्या आत गब्बरची टोळी गावावर चालून येते. ‘नवरंग’मध्ये (१९५९) शांतारामबापूंनी याच्याही पुढे जाऊन होळीच्या नृत्यात रंग टाकणारा आणि रंग चुकवणारी या दोन्ही भूमिका संध्याबाईंकडूनच करवून घेतल्या, पाठमोरी झाली की पुरुष, वळली की स्त्री. वेशभूषा करणाऱ्या कोणीही ते नृत्य पुनःपुन्हा पाहावे.

या सगळ्याला उलटे करणारा चित्रपट म्हणजे केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ (१९८७). सुभेदारापासून वाचण्यासाठी सोनबाई मिरच्यांच्या कारखान्यात आसरा घेते, आणि शेवटी तिथल्या बायका त्याच्या डोळ्यांत लाल तिखट फेकतात. मुठीने उधळलेली ती लाल भुकटी पाहताना गुलालाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, पण इथे रंग टाकण्याचा हक्क बायकांनी स्वतःकडे घेतला आहे.

मात्र सणातल्या प्रत्येक रंगाला अर्थ असतोच, असेही समजू नका. शिगम्यातल्या गोफाच्या दोऱ्या निरनिराळ्या रंगांच्या असतात, त्या वीण डोळ्यांना दिसावी म्हणून. कोणती दोरी कोणत्या भावनेची, असा शोध घेत बसणे व्यर्थ आहे. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची जी माटोळी बांधतात तिच्यातले रंग त्या दिवसांत रानात आणि परसात जे पिकले असेल त्याचे असतात. नवरात्राचे नऊ रंग तर आपल्या डोळ्यांदेखत जन्मले. या शतकाच्या सुरुवातीला मराठी वृत्तपत्रांनी ती टूम रूढ केली, आणि त्यातले बहुतेक रंग वारांवरून ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा. त्यांना धर्मशास्त्राचा आधार नाही. तरीही कचेरीतल्या सगळ्या बायका एका रंगात येतात तेव्हा त्यांच्यात काही काळ जो जिव्हाळा दिसतो तो खरा असतो, म्हणून त्या प्रथेला नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही.

तेव्हा आपल्या आजीविषयी. ती आज सत्तरीत असलेली फोंड्याकडची हिंदू स्त्री असेल, तर तिला पांढरी साडी देऊ नका. या वयाच्या विधवा आमच्याकडे सर्रास फिक्या रंगाच्या, बारीक फुलांच्या साड्या नेसतात, आणि पांढऱ्यात ती थेट जुन्या हिंदी चित्रपटातून आल्यासारखी दिसेल. तिचे वैधव्य कपाळावर आणि हातांवर दाखवा. रोमटामेळ, म्हणजे शिगम्याची ढोलताशांची मिरवणूक, दारावरून जात असताना गुलालाचे ताट तिच्यासमोर कोण धरतो, नातू की सून, आणि ती बोट बुडवते की नमस्कार करून ताट पुढे सारते, यावर आपला वेळ खर्च करा. चित्रण रात्री करणार असाल तर एक तांत्रिक काळजी घ्या: मिरवणुकीतल्या हिरव्या आणि निळ्या दिव्यांखाली लाल गुलाल काळपट दिसतो, कारण परावर्तित करायला त्याला लाल प्रकाशच मिळत नाही. आजीच्या दारात साधा पिवळसर बल्ब ठेवा आणि ताट त्याच्या उजेडात येईल अशा बेताने तिला उंबऱ्याजवळ बसवा.