ओल्या वाळूत मेटल डिटेक्टर सारखा किंचाळतो, शेतात तर काहीच कळत नाही. जमीन बदलली की कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, फिरवायची पद्धत पण बदलावी लागते का?

हो, लागते. आणि व्हिडिओवाले नुसतं "हळू फिरवा, हळू फिरवा" करतात त्याने तुमचं काम होणार नाही. तुम्ही लिहिलंय मशीन सेकंडहँड आहे, एकाच फ्रिक्वेन्सीचं, जुहूला कोरड्या वाळूत छान चालतं, पाण्याजवळ गेलं की गोंधळ आणि कर्जतच्या शेतात सारखं बोंबलतं. माझं पण पहिलं मशीन असंच होतं. नणंदेची अंगठी अक्साला वाळूत पडली म्हणून घेतलं होतं, अंगठी आजतागायत मिळाली नाही पण नाद लागला तो लागलाच, आता बरीच वर्षं गोरेगावहून पहाटेची बस पकडून हे उद्योग चालू आहेत.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मशीन धातू ओळखत नाही, कॉइलखाली झालेला बदल ओळखतं. नाणं आलं तरी बदल, जमिनीतलं लोह कमीजास्त झालं तरी बदल, मिठाचं पाणी आलं तरी बदल, आणि तुमचा हात तीन इंच वर गेला तरी बदलच. म्हणून सगळा खेळ एवढाच की एका झोक्यात कॉइलखालची जमीन आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही शक्य तितकी सारखी ठेवायची, म्हणजे जो काय बदल उरेल तो धातूचाच असेल. वेग हा त्यानंतरचा विषय आहे.

आता ओली वाळू. बीचवर ९० टक्के लोक काय करतात, पाण्याच्या कडेकडेने चालतात, फिरायला आल्यासारखे. म्हणजे कॉइल डावीकडे गेली की कोरड्याकडे, उजवीकडे गेली की ओल्याकडे. प्रत्येक झोक्यात मशीन दोन वेगळ्या जमिनींवरून जातंय आणि तुम्ही म्हणताय की खोटं वाजतंय! ते खोटं नाहीये हो, खरंच बदल झालाय. त्यापेक्षा समुद्राकडे तोंड करून उभे राहा आणि सरळ पाण्याच्या दिशेने चाला. आता डावी-उजवी बाजू दोन्हीकडे ओल जवळजवळ सारखीच मिळते, झोका शांत होतो. पुढे जाल तशी ओल वाढणार, म्हणून दर आठ-दहा पावलांनी थांबून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे खालच्या जमिनीकडे दुर्लक्ष करायला मशीनला शिकवणं, परत करायचा, पाण्यापर्यंत गेलात की दोन फूट सरकून तसंच मागे यायचं. लोक बघतात, काही जण विचारतात काकू काय हरवलंय, सवय होते.

ग्राउंड बॅलन्ससाठी कॉइल जमिनीवर वरखाली पंप करतात ना, ते. खाली धातू नाहीये अशी जागा बघूनच करायचं, नाहीतर पुरलेल्या झाकणावरच बॅलन्स करून बसाल आणि मग तासभर सगळं उलटंसुलटं, हे मी केलंय. मशीनला ही सोयच नसेल, स्वस्तातल्या बऱ्याच मशीनना नसते, तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक बदलाला वाजतं ते, कमी करणं एवढंच हातात राहतं. खोली जाईल थोडी, जाऊ दे, फुल सेन्सिटिव्हिटीवर किंचाळणाऱ्या मशीनपेक्षा अर्ध्यावर शांत असलेलं मशीन जास्त सापडवून देतं.

लाट येऊन जाताना मात्र झोका थांबवायचा. वाळूवरून पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत जातो तो खारा, म्हणजे वीज वाहून नेणारा, तो कॉइलखालून पळाला की बीप होणारच. लाट गेली, वाळू चमकायची थांबली की परत सुरू. आणि अक्सासारख्या ठिकाणी गुडघ्याच्या पुढे जायचंच नाही, तिथे माणसं बुडतात, आणि आपलं लक्ष खाली कॉइलकडे नि कानात हेडफोन असतात.

आणखी एक कडू गोष्ट, मिठाच्या पाण्याचा सिग्नल आणि पातळ सोन्याचा सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीच्या मशीनला जवळजवळ सारखाच दिसतो. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते सिग्नल गाळायची सेटिंग, वाढवून मीठ गप्प केलंत की बारीक अंगठी पण गप्प. चेन तर अजून वाईट, कारण मशीनला अख्खी चेन दिसत नाही, एकेक कडी वेगळी दिसते आणि ती फारच बारीक असते. ओल्या वाळूत बारीक चेन हवी असेल तर मल्टीफ्रिक्वेन्सी मशीन नाहीतर पल्स इंडक्शनवालं, म्हणजे विजेचे छोटे ठोके सोडून त्यांचा पडसाद ऐकणारं, लागेल, आणि पल्सवालं मशीन खिळे नि सोनं यात फारसा फरक करत नाही म्हणजे मुंबईच्या चौपाटीवर खणून खणून कंबर जाईल. तुमच्या मशीनने ओल्यात जाडसर अंगठ्या आणि नाणी शोधा, बारकं सोनं कोरड्या वाळूत.

वेळ पण सांगून टाकते कारण त्याचा संबंध आहे. तिथीच्या पाऊणपट भरतीची वेळ हा आपला जुना हिशोब, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तासभर इकडेतिकडे धरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओहोटीला पाणी लांब मागे जातं, एरवी न दिसणारी वाळू उघडी पडते. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोचायचं आणि उतरत्या पाण्याच्या मागे मागे जायचं. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात तेव्हा खालचा जड माल वर येतो, पण त्याच दिवसांत डांबराचे गोळे पण किनाऱ्यावर येतात, कॉइलला चिकटले तर खोबरेल तेलाने निघतात.

कोरडी वाळू तुम्हाला जमतेच आहे, तरी एक. झोक्याच्या शेवटी हात वर जातो का बघा. सगळ्यांचा जातो, घड्याळाच्या लंबकासारखा. टोकाला दोन-तीन इंच उचललं की तेवढीच खोली गेली, आणि नेमकं बाजूलाच काही असेल तर सुटलं. अंगणात झाडू मारताना झाडू जमिनीवरच राहतो ना, हवेत जात नाही, तसं. छोटा झोका घ्या, सव्वा मीटरच्या आत, आणि पुढच्या झोक्यात मागच्याची निम्मी जागा परत यायला हवी. वेग म्हणाल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला साधारण दोन सेकंद. याच्यापेक्षा फारच हळू पण नको, या मशीनना हालचाल लागते, अगदी रेंगाळलात तर छोटी वस्तू ते जमीन समजून सोडून देतात.

चौपाटीवर जिथे भेळवाले-गोळेवाले बसतात तिथे मात्र खरंच हळू आणि छोटं. बाटल्यांची बुचं एवढी असतात की एका कॉइलखाली तीन तीन येतात. सिग्नल आला की नव्वद अंशात फिरून परत झोका मारा, मग कॉइलचं फक्त टोक त्याच्यावरून न्या. गोल नाणं-अंगठी दोन्हीकडून तसंच वाजतं, बुचाचा आवाज तुटतो, फाटतो. नेहमी नाही पण बऱ्याचदा. आणि लक्षात ठेवा की आत्ताची एक-दोन रुपयांची स्टेनलेस स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, मशीनला ती बऱ्याचदा लोखंडच वाटतात. परदेशी व्हिडिओ बघून लोखंड बंद करून फिरलात तर आपलीच नाणी तुडवत जाल. पितळी पाच रुपये छान वाजतात.

आता शेत. मुंबई काय नि कर्जत काय, खाली सगळा काळा दगड, बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं म्हणजे चुंबकी लोह, आणि त्याची माती पण तशीच. इथे उलट नियम, कॉइल जमिनीला घासू नका, दोन-तीन सेंटिमीटर वर धरा. जमिनीचा गोंगाट उंचीबरोबर झपकन कमी होतो, त्या मानाने वस्तूचा सिग्नल तेवढा पडत नाही. पण एकदा धरलेली उंची हलवायची नाही. भाताच्या खाचरात धसकटं असतील तर कॉइल त्यावर उड्या मारते, मग धसकटांच्या वर स्थिर फिरवा नाहीतर पायाने दाबून घ्या. नांगरलेलं असेल तर सऱ्यांच्या दिशेने झोका, आडवा नाही, आडव्या झोक्यात प्रत्येक सरीला उंची बदलते. बघा, तोच समुद्राचा नियम.

जांभ्यावर तर माझी फजिती झाली होती. संगमेश्वरकडे मामाच्या गावी मामेभाऊ म्हणाला ताई तुझं मशीन आणलंयस तर माझी कोयती शोध, गवतात टाकली कुठेतरी. मशीन बागेत पाऊल टाकल्यापासून रडायला लागलं, लाल खडीचा प्रत्येक दगड वाजतोय, दर पाच पावलांनी बॅलन्स, सेन्सिटिव्हिटी पार खाली, छोटे झोके, दोन तास. शेवटी कोयती मामीला सापडली, पाय लागून.

सगळं करूनही ठरावीक जागी बीप येत असेल तर आधी स्वतःला तपासा. मला महिनाभर प्रत्येक झोक्याच्या उजव्या टोकाला बीप यायचा, मशीन बिघडलं म्हणून दुकानात नेणार होते, निघाले बुटातले लोखंडी टोक! केबल दांड्याला सैल गुंडाळली असेल आणि हलत असेल तरी वाजतं. कॉइलच्या खालच्या कव्हरमध्ये वाळू साठते, त्यात काळी लोहाची वाळू असली तर मशीन तीच वाजवत बसतं, दर वेळी काढून धुवा.

खणलेले खड्डे बुजवा, जुहूला घोडे आणि पोरं दोन्ही पळतात. वसईसारख्या संरक्षित किल्ल्यावर मशीन नेऊच नका, तिथे खणणं गुन्हा आहे, आणि कुठेही जुनं पुरलेलं काही लागलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या वरच्या पुरलेल्या धनाची कलेक्टरला लेखी खबर द्यावी लागते. रक्कम तेव्हाची आहे, कायदा अजून आहे.

सराव असा करा. एक रुपया, पाच रुपये, बाटलीचं बूच आणि चांदीचं जोडवं, चारही चार बोटं खोल पुरा, आधी कोरड्यात मग ओल्यात, आणि आधी पाण्याला समांतर चालून मग पाण्याकडे तोंड करून ऐका, फरक कानालाच कळेल. प्रत्येकाला लांब दोरा बांधून टोक वर ठेवा. मी पहिल्यांदा दोरा बांधला नव्हता, ते जोडवं अजून अक्साच्या वाळूतच आहे, नणंदेच्या अंगठीच्या सोबतीला.