चेक इंजिन लाईट लागली आहे, ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणतात. तो घरी बदलता येतो का?

येतो. हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजतो. बहुतेक गाड्यांना २२ मिमीचा, बाजूला वायरसाठी खाच असलेला सॉकेट लागतो. तो, लांब दांड्याचा पाना आणि एक मोकळी सकाळ एवढं पुरतं. पण तुम्ही लिहिलंय की गाडी कळंगुटला उघड्यावर असते आणि तिने नऊ पावसाळे काढलेत. खाऱ्या वाऱ्यात सायलेन्सरच्या पाइपाचं काय होतं ते आपण सगळे बघतो. नवा सेन्सर दहा मिनिटांत बसतो, कस लागतो तो जुना काढताना. आणि त्याच्याही आधी तो खरंच गेलाय का, हे बघा.

माझं घर पेडण्यात. तीन वर्षांपूर्वी ऐन पावसात माझ्या पेट्रोल गाडीची हीच लाईट लागली. बिघाडाचा कोड आला पी०१३५, म्हणजे पुढच्या सेन्सरला आतून गरम करणाऱ्या हीटरचं सर्किट. गॅरेजमध्ये लगेच नवा सेन्सर बसवून दिला. चौथ्या दिवशी लाईट परत हजर. मग घरी बॉनेट उघडून टॉर्च घेऊन बसलो, तर वायरिंगवरची काळी टेप कुरतडलेली, एक वायर तांब्यापर्यंत उघडी आणि बॅटरीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या. उंदीर! वायर जोडून घेतली, लाईट गेली. सेन्सरचे पैसे मात्र फुकट गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून एवढं लिहितोय.

तेव्हा आधी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावून कोड बघा. पी०१३५ पुढच्या सेन्सरच्या हीटरचा, पी०१४१ मागच्याच्या. पुढचा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (पाइपातल्या धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीचा, मागचा त्याच्या नंतरचा. हीटरचा कोड असेल तर पहिल्यांदा फ्यूज आणि वायर तपासा. मग कप्लर (वायरींचा जोड) सोडवून सेन्सरच्या बाजूच्या एकाच रंगाच्या दोन वायरींवर, बहुतेक वेळा त्या पांढऱ्या असतात, मल्टिमीटर लावा. काही ओहम दाखवले तर हीटरची तार शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तर ती तुटली, सेन्सर बदलायचाच. गरम इंजिनवर साध्या झिर्कोनिया सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सारखं खालीवर नाचायला हवं. हे पुढच्याचं, मागच्याचं बऱ्यापैकी स्थिर असणंच चांगलं. आणि सेन्सरच्या आधी पाइप कुठे फुटला असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. गंजलेल्या गाडीत हे हमखास बघा.

आता काढणं. गेल्या वर्षी चवथीच्या आधी मेहुण्याची गाडी याच कामाला घेतली होती, ती मोरजीला असते. सेन्सरची षटकोनी कड गंजाने फुगलेली. आदल्या संध्याकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारलं. गरम पाइपावर मारू नका, पेट घेऊ शकतं. सकाळी पुन्हा मारलं, पाच मिनिटं इंजिन चालवून बंद केलं आणि जाड हातमोजे घालून सॉकेट चढवला. कोमट धातू सैल सुटतो. 'कट्' असा आवाज आला की अर्धा फेरा सोडवा, पाव फेरा परत आवळा, पुन्हा अर्धा सोडवा. असं करत करत वीस मिनिटं गेली, पण आटे वाचले. एकाच दमात ओढलं असतं तर आटे सेन्सरबरोबर बाहेर आले असते, आणि मग वेल्डरकडे जाऊन पाइपाला आट्यांची नवी बुशी लावून घेण्यावाचून गत्यंतर नाही. मागचा सेन्सर काढायला गाडीखाली जावं लागलं तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड लावाच.

नवा घेताना तुमच्याच मॉडेलचा, कप्लरसकट घ्या. वायर कापून जोडायचा स्वस्त सेन्सर नको. आट्यांवर कंपनीनेच अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावलेलं असतं, नसलं तर किंचित लावा, पण सेन्सरच्या टोकाला बोटसुद्धा लागू देऊ नका. सिलिकॉन स्प्रे किंवा सिलिकॉन सीलंट तर जवळपासही नको, त्याने सेन्सर खराब होतो. कप्लरमध्येही ग्रीस भरू नका. पहिले फेरे हातानेच फिरवा, मग साधारण ४० ते ५० न्यूटन मीटरला आवळा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. वायर गरम पाइपाला टेकत नाही ना ते बघून क्लिपमध्ये अडकवा.

जुन्याचं टोकही निरखा. कोरडी काळी काजळी असेल तर इंजिन जास्त पेट्रोल पितंय. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

मग कोड पुसून दोनतीन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा स्कॅन करा. पेडण्याच्या बाजूला येणं झालं तर माझा सॉकेट खुशाल घेऊन जा, वर्षातून एकदाच लागतो मला.