पिरॅमिड तांब्याच्या हत्यारांनी बांधले हे तज्ज्ञांचं म्हणणं सामान्य माणसाने का मानावं? मऊ तांब्याने कठीण ग्रॅनाइट कापलाच कसा?

नका मानू. पण शंका घ्यायची तर दगडाला हात लावून घ्या. बंगळुरूजवळ जिगणीला ग्रॅनाइटच्या कारखान्यात मी बरीच वर्षं गँगसॉवर, म्हणजे दगड कापायच्या यंत्रावर, काढली आहेत. त्यामुळे तुमच्या प्रश्नातलं 'मऊ तांब्याने कठीण ग्रॅनाइट कापलाच कसा' हे वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं. हेच वाक्य आमचे साडू दर लग्नाकार्यात ऐकवतात.

साडू मेकॅनिकल इंजिनिअर. एका वास्तुशांतीला पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. 1 ते 10 च्या मापात तांब्याचा कठीणपणा 3, ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झ या खनिजाचा 7, विषय संपला. म्हणजे त्या लोकांकडे हिऱ्याची पाती नाहीतर कसली तरी यंत्रं असलीच पाहिजेत. मी म्हटलं, साडूभाऊ, आमच्या गँगसॉच्या पात्यालाही दात नसतात. नुसती पोलादी पट्टी. वरून पाणी, चुना आणि पोलादाचे बारीक दाणे यांची स्लरी सोडायची, पट्टी पुढेमागे झुलत राहते आणि दाणे दगड खातात. पट्टीचं काम फक्त दाणे रगडायचं. इजिप्तमध्ये पट्टी तांब्याची आणि दाणे वाळूचे, आणि वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झच, तुमच्याच हिशेबाने 7. यावर साडू काय म्हणाले? "तू कटिंगवाला, तुला मटेरियल सायन्स काय कळणार?" अख्खी पंगत हसली. बायकोसुद्धा.

गंमत अशी की हिऱ्याच्या पात्यांची कल्पना त्या व्हिडिओवाल्याची नाहीच. ती एका अस्सल तज्ज्ञाची, फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाची. 1880 ते 1882 या काळात गिझाला मुक्काम ठोकून त्याने पिरॅमिड असा मोजला की त्याची मापं आजही वापरतात. पण करवतीच्या खुणा बघून त्याने ठरवलं, पात्यात रत्नांचे दात बसवलेले असणार. पुढे डेनिस स्टॉक्स नावाच्या माणसाने तांब्याची पट्टी, तांब्याची नळी आणि वाळू घेऊन अस्वानचा ग्रॅनाइट प्रत्यक्ष कापून दाखवला. वेळ जीव खातो, तांबंही भरपूर झिजतं, पण दगड कापला जातो. आणि गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाच्या ग्रॅनाइटच्या शवपेटीवर करवत नको तिथे खोल गेली आणि कारागिरांनी ती मागे घेतली, हीसुद्धा पेट्रीचीच नोंद. ज्याच्या हातून कधी पातं भरकटलंय, त्यालाच कळेल त्या गड्याला त्या दिवशी काय ऐकून घ्यावं लागलं असेल.

तज्ज्ञ चुकतात, याबद्दल माझी काही तक्रार नाही. जेहुतीहोतेप नावाच्या जुन्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे. भलामोठा पुतळा घसरगाडीवर ठेवलाय, 172 माणसं ओढतायत आणि पुतळ्याच्या पायाशी उभा राहून एक जण पुढच्या वाळूवर पाणी ओततोय. बऱ्याच अभ्यासकांनी याला धार्मिक विधी ठरवून टाकलं होतं! 2014 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की वाळू बेताची ओली केली तर ओढायला जवळपास निम्मी ताकद पुरते. विधी कसला, हमाली होती ती.

बांधकामाची लेखी नोंदही आहे. 2013 साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला पपायरस, म्हणजे त्या काळचे लिहिलेले कागद, सापडले. त्यात मेरेर नावाचा मुकादम रोजचं लिहून ठेवतो, तुरा नावाच्या गावच्या खाणीत दगड भरले, होडीने गिझाला नेले, परत आलो. आमच्या ट्रकच्या चलनबुकासारखंच रूक्ष. हे वाचल्यावर परग्रहवासी वगैरे बोलणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. साडू सोडून.

हे सांगायचं राहिलंच. करवतीचं वर सांगितलं ते शवपेटीसारख्या कामांचं. खुफूच्या पिरॅमिडचे सुमारे 23 लाख दगड बहुतेक चुनखडीचे, ती ग्रॅनाइटच्या मानाने मऊ, तिथे तांब्याची छिन्नी चालते. खाणीतला ग्रॅनाइट डोलेराइट या कठीण दगडाचे गोटे आपटून आपटून काढायचे. आणि पिरॅमिडच्या आतल्या राजाच्या दालनावरच्या ग्रॅनाइटच्या तुळया, एकेक 25 ते 80 टनांची, 800 किलोमीटरवरच्या अस्वानहून आणलेल्या, त्या वर कशा चढवल्या? उतारांचे जे जे आराखडे मांडले गेलेत त्यातला एकही मला पूर्ण पटलेला नाही. 2018 साली इजिप्तमधल्याच हातनुबच्या जुन्या खाणीत दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांची भोकं असलेला खडा उतार मिळाला, त्याने थोडा उलगडा होतो, सगळा नाही. शंका घ्यायची तर इथे घ्या.

घरी करून बघायचं असेल तर तांब्याची नळी, ग्रॅनाइटचा टाकाऊ तुकडा आणि ओली वाळू पुरे. वाळू सुकू देऊ नका, ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. आणि कुणी डिग्री विचारली तर सांगा, पेट्री शाळेत गेला नव्हता, घरीच शिकला, तरी 1892 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रोफेसर झाला. साडूभाऊ, तुम्हीही वाचताय ना?