शेजाऱ्याच्या माडाचा नारळ पडून माझ्या गाडीची काच फुटली. शेजारी म्हणतात "देवाची करणी". भरपाई मागता येते का?

मागता येते. पोलिसात जाऊ नका. ते 'दिवाणी मॅटर आहे' म्हणून परत पाठवतील आणि या बाबतीत त्यांचं बरोबरच असेल. शेजाऱ्याने नारळ फेकून मारलेला नाही, वेळेवर उतरवला नाही. ही हयगय झाली, आणि तिची भरपाई दिवाणी कोर्टात मागायची असते.

खरं तर मी इथे फारसं लिहीत नाही. पण "देवाची करणी" वाचलं आणि राहवलं नाही.

माझं माहेर दापोली तालुक्यात. गडग्यापलीकडे काकांची वाडी, आणि त्यांचा एक माड आमच्या पडवीवर कललेला. 2016 च्या मे महिन्यात गेले तेव्हा त्याच्या खोडाला भोकं दिसली. त्यातून तपकिरी चिकट पाणी गळत होतं, भुसा बाहेर आला होता. माड आतून पोखरणारा सोंड्या भुंगा. नारळ काढायला आलेल्या गड्याने वर चढायलाच नकार दिला, म्हणाला आतून पोकळ झालाय. काका तिथेच उभे होते. मी आप्पांना म्हटलं, काकांना दोन ओळींचं पत्र द्या आणि पोच घ्या. आप्पा म्हणाले, "सख्ख्या भावाला नोटीस देऊ?" दादा मुंबईहून फोनवर, "तू सासरी सुखी आहेस ना, मग वाडीत कशाला लक्ष घालतेस?"

नोव्हेंबरात, झावळही हलत नव्हती अशा सकाळी, माड पडवीवर आला. कौलं, रिपा, दोन वासे आणि खाली लावलेली माझी स्कूटर. मिस्त्रीने 31 हजार सांगितले, स्कूटरचे 9 हजार वेगळे. काकांनी येऊन बघितलं आणि म्हणाले, देवाची करणी. दादानेही तेच म्हटलं. अहो, वारा नाही, पाऊस नाही, कसली देवाची करणी? सोंड्याची करणी, आणि ती सहा महिने सगळ्यांना दिसत होती.

कायद्यात दैवी आपत्ती म्हणजे कितीही काळजी घेतली तरी टळली नसती अशी निसर्गाची गोष्ट. झाड पडलं की कोर्ट बघतं ते हे, की धोका मालकाला माहीत होता का, किंवा नीट बघितलं असतं तर कळला असता का. राजकोटला फुटपाथवरून जाणाऱ्या माणसावर महापालिकेचं झाड पडून तो गेला. त्याच्या बायकोला खालच्या कोर्टांत मिळालेली भरपाई सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये रद्द केली. रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाची प्रकृती तपासत राहण्याची जबाबदारी पालिकेवर टाकता येणार नाही, असं म्हणाले. मला तो निकाल आजही पटत नाही. पण पालिकेची हजारो झाडं असतात, काकांचा तो माड रोज डोळ्यांसमोर होता. फक्त त्यांना सांगितलं होतं याचा आमच्याकडे कागद नव्हता.

दावा मात्र झालाच नाही. दिवाळी होऊ दे, शिमगा होऊ दे, असं करत 2019 चा नोव्हेंबर उलटला आणि तीन वर्षांची मुदत संपली. स्कूटर माझ्या नावावर होती, मी एकटीसुद्धा दावा लावू शकले असते. नाही लावला, ही चूक माझी.

पुढच्या जूनमध्ये निसर्ग वादळात काकांची निम्मी वाडी आडवी झाली. ती खरी देवाची करणी. तेव्हा काकांनी पंचनाम्याला तलाठ्याला एकेक माड हात लावून दाखवला! (अर्थात ती सरकारी मदत, कोणाच्या हयगयीची भरपाई नव्हे. दादाला हा फरक अजून कळलेला नाही.)

तर आजच पत्र लिहा, पोच मिळेल असं पाठवा. काचेचं बिल आणि फोटो जपा. गाडी तुमच्याच अंगणात होती ना? मग ठीक. पण इथून पुढे त्या माडाखाली लावू नका, नाहीतर "माहीत असून लावली" हे वाक्य त्यांच्या वकिलाच्या तोंडी आयतं पडेल. आंब्याची फांदी तुमच्या हद्दीत आली तर पलीकडे पाय न ठेवता तेवढी छाटता येते. माडाला ते जमत नाही, तुमच्या बाजूचं खोड तोडलं की अख्खा माडच गेला. कललेला माड हटवायचा तर कोर्टाकडून तसा हुकूम घ्यावा लागतो.

मी वकील नाही, बँकेत आहे. आणि खरं सांगायचं तर एका काचेसाठी दावा लावलात तर काचेहून जास्त खर्च होईल. आधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, प्रकरण लोकअदालतीत ठेवा म्हणून. लोकअदालतीत मिटलं तर त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते.

तो पडलेला नारळ मात्र त्यांना परत द्या, फळ झाडाच्या मालकाचंच. आमच्या काकांनी त्या दिवशी आमच्या फुटक्या कौलांतून नारळ वेचून नेले होते. चौदा.