शब्दशंका : होडी सुटली की राहिली?

प्रश्न : माझ्या नातीच्या इंग्रजी उताऱ्यात 'द बोट पुट ऑफ ॲट डॉन' असे वाक्य होते. तिने 'होडीची फेरी पहाटे पुढे ढकलली' असे भाषांतर केले आणि मीही त्यावर मान डोलावली. कारण वारा उठून किल्ल्याकडे जाणारी होडी खोळंबली की 'ट्रिप पुट ऑफ झाली' असे पर्यटकांच्या तोंडून धक्क्यावर आम्ही नेहमी ऐकतो. शिक्षकांनी मात्र उत्तर चूक ठरवले. 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांत फरक काय, आणि 'पुट ऑफ द लाइट' म्हणणे अशुद्ध आहे का, हेही कृपया सांगावे.
– एक आजोबा, मालवण

उत्तर : शिक्षकांचे बरोबर आहे, पण नातीला बोल लावू नये. 'पुट ऑफ'चा सर्वांत रुळलेला अर्थ लांबणीवर टाकणे हाच आहे, आणि तिने तोच घेतला. अडचण अशी की, याच दोन शब्दांचा होडीच्या संदर्भात नेमका उलटा अर्थ होतो. 'द बोट पुट ऑफ' म्हणजे होडी किनारा सोडून निघाली. 'द ट्रिप वॉज पुट ऑफ' म्हणजे फेरी राहिली, नंतर व्हायची आहे. 'पुट'चे रूप भूतकाळातही बदलत नसल्यामुळे क्रियापदाकडे नुसते पाहून काही उमगत नाही. पाहायचे ते 'वॉज'कडे आणि कर्माकडे. कोणीतरी काहीतरी पुढे ढकलले असेल तर क्रियापद सकर्मक असते आणि ढकललेली गोष्ट वाक्यात कोठे ना कोठे सापडते. आपल्या वाक्यात होडी स्वतःच निघाली आहे. तिने काहीच ढकललेले नाही. म्हणून 'पहाटे होडी किनाऱ्यावरून सुटली' असे भाषांतर करावे. हा अर्थ आता जुनाट वाटतो आणि मुख्यतः दर्यावर्दी कथांत भेटतो. रोजच्या बोलण्यात निघण्याला 'सेट ऑफ' म्हणतात.

'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. आठची फेरी दहाला होणार असेल तर ती 'पुट ऑफ' झाली. आज होणारच नसेल आणि पैसे परत मिळणार असतील तर 'कॉल ऑफ'. (ऐन पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंदच असते, तेव्हा दोन्हींची गरज नाही.)

येथे मराठी माणसाची खरी फसगत 'पुढे' या शब्दात होते. आपण तारीख पुढे ढकलतो म्हणजे उशिराची करतो. इंग्रजीत मात्र 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे तारीख अलीकडे आणणे. शनिवारचे दशावतारी नाटक रविवारवर गेले आणि मुंबईच्या पाहुण्यांना आपण 'ब्रॉट फॉरवर्ड' असे कळवले, तर ते बिचारे शुक्रवारीच मांडवात येऊन बसतील. तारीख अलीकडे आणण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा 'प्रीपोन' हा भारतीय इंग्रजीतला शब्द आहे. मला तो सोयीचा वाटतो, पण परदेशी पत्रव्यवहारात टाळलेला बरा.

रचनेचे दोन नियम नातीला जरूर सांगावेत. 'पुट ऑफ'नंतर दुसरे क्रियापद आले तर ते 'इंग'कारान्त येते : 'आय पुट ऑफ गोइंग', 'टु गो' नव्हे. आणि कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते : 'पुट इट ऑफ', 'पुट ऑफ इट' चालत नाही.

याच शब्दांचा आणखी एक अर्थ मला विशेष आवडतो, कारण त्याला मराठी जोडी अगदी चपखल मिळते. उन्हात वाळत घातलेल्या बांगड्यांच्या वासाने नवख्या पाहुण्याचे जेवणावरून मन उडते, तेव्हा इंग्रजीत 'द स्मेल पुट हिम ऑफ हिज फूड' असे म्हणतात. आपली अन्नावरची वासना उडते, त्यांची अन्नावरून 'ऑफ' होते. अशा मन विटवणाऱ्या गोष्टीला 'ऑफ-पुटिंग' हे विशेषण आहे. खळ्यात नारळ मोजणाऱ्याशी कोणी मध्येच बोलले आणि त्याची मोजणी चुकली, तर तो 'यू पुट मी ऑफ' म्हणेल. येथे अर्थ लक्ष विचलित करणे एवढाच.

अंगावरचे उतरवणे हा अर्थ आता मागे पडला आहे. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात पायांतले जोडे काढण्याची आज्ञा 'पुट ऑफ' याच शब्दांत आहे. आज तेथे 'टेक ऑफ' येईल.

राहिला दिवा. 'पुट ऑफ द लाइट' अशुद्ध नाही. ब्रिटिश इंग्रजीत तो प्रयोग आहे, पण 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' अधिक चालते. ही तिन्ही क्रियापदे बटणाच्या दिव्यासाठी. देवापुढची समई किंवा वीज गेल्यावर लावलेला कंदील मालवायचा असेल, तर 'पुट आउट' म्हणावे.